फरशीवरच्या फेऱ्या

कोरा: तुला तेव्हाच सांगितलं होतं. कॅसिनोच्या कार्डांच्या काउंटरवर या बाजूला मी, त्या बाजूला तू. म्हटलं, पोरी, बाबांच्या नावाचं कार्ड काढू नकोस.

डेलिया: आणि मी म्हटलं, कार्डावर नाश्ता तीन डॉलरने स्वस्त पडतो, कोरा मावशी.

कोरा: ‘माझे बाबा कसले खेळतायत!’ असंही म्हणालीस. वर हसलीस.

डेलिया: आई जाऊन दोनच महिने झाले होते. ते ओट्याशी उभे राहून डब्यातला घेवडा थंडच खायचे. मला वाटलं, इथे निदान टेबलाशी बसून अंडी खातील. चार माणसं दिसतील. आणि सगळेच काढतात ना! आपल्या व्हेगासमध्ये कोणाच्या खिशात नसतं हे कार्ड?

कोरा: माझ्या. मी ती वाटायचे ना, म्हणून. नुसत्या जुगाराच्या मशीनला माणूस कंटाळतो गं. कार्ड घातलं की मशीन त्याला नावाने हाक मारतं. वाढदिवस लक्षात ठेवतं. सत्तरीतल्या एकट्या माणसाचा वाढदिवस आणखी कोण लक्षात ठेवतं? चालत राहा, डेलिया.

डेलिया: चालतेच आहे.

कोरा: तुझे पाय हलतायत, बाबागाडी थांबलीय. लहान मूल घेऊन मशीनपाशी रेंगाळायचं नाही. फरशीवरून सरळ जायचं, गालिच्यावर चाक नको. नियम मी केलेला नाही, पण आता मी गार्ड आहे, छतातल्या कॅमेऱ्याला माझा गणवेश दिसतो.

डेलिया: पर्लला मी मुद्दाम आणलं. या आठवड्यात तीनदा एकटी येऊन त्यांच्या शेजारी बसले, तासन् तास. ढिम्म. म्हटलं, नातीला बघून तरी उठतील. तिच्यामुळे मलाच थांबता येणार नाही, हे डोक्यात आलंच नाही. इथे जन्मले मी, इथेच वाढले, आणि हे विसरले.

कोरा: इथे वाढलीस म्हणूनच. लहानपणी तूही अशीच पुढे पुढे ढकलली गेली असशील, बोलिंगकडे जाताना. निघायचं कधी तुम्हाला?

डेलिया: साडेनऊला. वेन्डेल टायरमध्ये हवा भरायला गेलाय. सामान काल पुढे डुलुथला गेलं. गाडीत मागची एक जागा बाबांसाठी रिकामी ठेवलीय. त्यांची उशीसुद्धा ठेवलीय मी. काल जेवताना ‘बघू’ म्हणाले, आणि आज सकाळी खोलीत जाऊन बघते तर अंथरूण नीट घडी केलेलं.

कोरा: मग फेऱ्या मार. इथून सरळ बिंगोच्या हॉलच्या दारापर्यंत, तिथून डावीकडे, बुफेवरून परत. दर फेरीला त्यांच्यासमोरून जाशील. त्यांची खुर्ची फरशीच्या अगदी काठाला आहे. जाता जाता चार शब्द बोललीस तर मी काही पाहिलेलं नाही.

डेलिया: बाबा.

लॉयड: अरे वा! पर्लबाई आल्या. एवढ्या लवकर? खेळायला एकवीस वर्षं लागतात, तेवढी पूर्ण होऊ द्यायची होतीस.

डेलिया: बाबा, मला थांबता येत नाही इथे. साडेनऊला निघतोय आपण. चला.

लॉयड: आज गुरुवार आहे, डेली.

डेलिया: माहितीय मला.

लॉयड: गुरुवारी कार्डवाल्यांना भेटवस्तू असते. दहाला वाटप सुरू.

डेलिया: तुमच्याकडे चार मिक्सर पडलेत! एकही खोक्याबाहेर काढलेला नाही.

लॉयड: आज ब्लँकेट आहे. पर्लला घेतोय. तुमच्या त्या डुलुथमध्ये थंडीने नाक गळून पडतं म्हणे.

डेलिया: ब्लँकेट आपण वाटेत कुठेही... बाबा, माझ्याकडे बघून तरी बोला ना.

लॉयड: बघतोय की. मशीनच्या काचेत दिसतेस तू. पुढे हो, कोरा बोलेल तुला.

कोरा: झाली एक फेरी. काय म्हणाले?

डेलिया: ब्लँकेट. मावशी, तुम्ही त्यांना बाहेर काढू शकत नाही? नुसतं ‘आज पुरे’ म्हणून?

कोरा: दारू पिऊन धिंगाणा घातला तर काढू शकते. खुर्चीत झोपले तर उठवू शकते. ते पिताहेत कॉफी आणि बसलेत ताठ. कुठल्या तोंडाने काढू?

डेलिया: मी अर्ज दिला तर? मुलगी म्हणून?

कोरा: मुलीचा चालत नाही. बायकोचाही चालत नाही. आत येऊ नये म्हणून नाव लिहून घ्यायचा कागद असतो, पण सही त्या माणसाची लागते. शुद्धीत, आपल्या मनाने केलेली.

डेलिया: कागद आणलाय मी. पर्लच्या लंगोटांच्या पिशवीत आहे.

कोरा: मग पुढच्या फेरीला दे. पेनपण दे, नाहीतर पेन नाही म्हणतील.

लॉयड: आज बुफेत काय आहे गं? वास छान येतोय.

डेलिया: हा कागद घ्या. हे पेन. खाली सही करा.

लॉयड: हां, तो होय. ‘मी, लॉयड हॅस्केट, स्वखुशीने...’ वा, स्वखुशीने! चांगलं लिहितात.

डेलिया: एकदा सही झाली की इथून बोलावणं येणार नाही. कार्ड बंद, पत्रं बंद, इथल्या ऑफिसातल्या त्या टेरेसाचे फोन बंद.

लॉयड: टेरेसाने काय वाईट केलंय तुझं? दोन दिवस आलो नाही तर फोन करते पोरगी. ‘मिस्टर हॅस्केट, तब्येत बरी आहे ना?’ तू किती दिवसांनी करतेस?

डेलिया: मी तुमच्याच घरात राहते, बाबा!

लॉयड: आज सकाळपर्यंत.

डेलिया: तिला त्याचा पगार मिळतो.

लॉयड: म्हणून तर ती विसरत नाही. हे बघ, कागद ठेवतो कपाखाली. वाचून सांगतो. कॉफीचा डाग पडला म्हणून रागावू नकोस.

डेलिया: गोळी घेतलीत सकाळची?

लॉयड: कुठली?

डेलिया: हृदयाची! पांढरी!

लॉयड: ओरडू नकोस, पर्ल दचकते. तिला ऐकू कमी येतं, पण तू हादरलीस की तिला कळतं.

डेलिया: मावशी, गोळी घेतली नाहीये त्यांनी. आणि रंग बघितलात चेहऱ्याचा? की दिव्यांचाच रंग आहे तो? इथे काही कळत नाही मला.

कोरा: डेलिया, एक सांगायचंय. सांगू नये खरं तर. अहवालातली गोष्ट बाहेर बोलायची नसते.

डेलिया: कसला अहवाल?

कोरा: चालत राहा, मी बरोबर चालते. मंगळवारी ते त्याच खुर्चीत कलंडले. दुपारी एकच्या सुमाराला. मशीनवर कपाळ टेकलं. आम्ही तिघं धावलो, ऑक्सिजन लावला. पाचेक मिनिटांत डोळे उघडले त्यांनी. रुग्णवाहिका दारात उभी होती, तिला परत पाठवली. नको म्हणाले, सही करून दिली तशी.

डेलिया: मंगळवारी? मंगळवारी मी घरी खोकी भरत होते. ते संध्याकाळी आले आणि मला चिकटपट्टी धरून दिली.

कोरा: मी विचारलं, घरी कोणाला कळवू? नियमच आहे विचारायचा. म्हणाले, कोणी नाही. मी म्हटलं, मिस्टर हॅस्केट, तुमची डेलिया आहे ना, माझ्या ओळखीची आहे. तर माझं मनगट धरलं त्यांनी. म्हणाले, ती खोकी भरतेय, कोरा. तिला कळलं तर ती सगळी परत उघडेल.

डेलिया: पर्लची टोपी खाली पडली बहुतेक. कुठे पडली?

कोरा: ही घे.

डेलिया: मी एक मिनिट थांबणार आहे त्यांच्यापाशी. तुम्हाला मला धरून बाहेर काढायचं असेल तर काढा.

कोरा: धरत नाही. मी पाठ करून उभी राहते. मी परत वळेपर्यंत बोलून घे. आणि बाबागाडी पुढेमागे हलवत राहा, लांबून चालतेय असं दिसेल.

डेलिया: मंगळवारी काय झालं, बाबा?

लॉयड: कोराच्या पोटात काही राहत नाही.

डेलिया: मी जात नाहीये. वेन्डेलला फोन करते. सामान परत मागवू.

लॉयड: आणि सोमवारी नवऱ्याने कामावर हजर व्हायचं आहे, त्याचं काय?

डेलिया: सांगेल तो काहीतरी.

लॉयड: आणि पर्लच्या कानाचं ऑपरेशन? ते त्या नोकरीच्या विम्यावर आहे ना? इथे मागितलं तर काय सांगितलं होतं तुला त्या फोनवरच्या बाईने? दोन वर्षं थांबा. दोन वर्षं ऐकू आलं नाही तर पोर बोलायला कधी लागणार? हे माझं म्हणणं नाही, तुझंच. गेल्या महिन्यात स्वयंपाकघरात रडत सांगत होतीस.

डेलिया: म्हणून तुम्ही गप्प बसलात.

लॉयड: म्हणून, आणि उगाच रुग्णालयात पडून राहायला नको म्हणूनही. मी काही संत नाही. मंगळवारी मशीनवर छान हात चालला होता.

डेलिया: मग चला ना आमच्याबरोबर! दोन्ही प्रश्न सुटतात. उठा, चार पावलं या. बस, गाडीत बसा.

लॉयड: आपल्या मागच्या गल्लीतला व्हर्जिल आठवतो का तुला?

डेलिया: विषय बदलू नका.

लॉयड: विषय तोच आहे. व्हर्जिल घरात पडला, सहा दिवस पडून होता. पेटीत पत्रं मावेनात तेव्हा पोस्टमनने आरडाओरडा केला. शेजारी म्हणे, टीव्हीचा आवाज येत होता, आम्हाला वाटलं बरा आहे. आणि मी? डोकं टेकलं न टेकलं तोच तीन माणसं. मानेखाली उशी. एकाने माझा हात धरून ठेवला होता, डेली. या देशात पडायला याहून चांगली जागा असेल तर दाखव मला.

डेलिया: आणि शेजारच्या मशीनवरचे? त्यांनी काय केलं?

लॉयड: खेळत होते.

डेलिया: एकही उठला नाही?

लॉयड: शेजारच्या बाईंचा डाव रंगात आला होता. मी तरी उठलो असतो का?

डेलिया: हे तुम्हाला वाचवतात ते तुम्ही परत येऊन बसावं म्हणून, बाबा.

लॉयड: कशासाठी का असेना, त्या माणसाचा हात गरम होता.

डेलिया: आमच्याकडे आलात तर मी असेन ना. रोज असेन. घरात.

लॉयड: तू नोकरी धरशील. धरावीच लागेल, डुलुथमध्ये कोणी फुकट राहू देत नाही. पर्ल पाळणाघरात, वेन्डेल कामावर, मी खिडकीशी बसून बर्फ बघणार. ओळखीचं एक कुत्रं नाही. इथे मी आत आलो की झाडूवाल्यापासून सगळे ‘सुप्रभात, मिस्टर लॉयड’ म्हणतात.

डेलिया: मी आठवीच्या मुलांना नागरिकशास्त्र शिकवायचे. दर वर्षी फळ्यावर लिहायचे, या देशात प्रत्येकजण आपल्या मर्जीचा मालक आहे. मुलं वहीत उतरवून घ्यायची.

लॉयड: बरोबरच लिहायचीस.

डेलिया: अर्धंच लिहायचे. कोणी आपल्या मर्जीने बुडत असेल तर काठावरचे सगळे आदराने गप्प उभे राहतात, हे लिहायचं राहून गेलं. सगळ्यांनी मला तेच सांगितलं या आठवड्यात. डॉक्टर म्हणाले, त्यांची मर्जी. वकील म्हणाला, त्यांची मर्जी. हा कागदही तेच म्हणतो.

लॉयड: मर्जी नसती तर तू मला पोत्यात घालून नेलं असतंस. आईवर गेलीस.

डेलिया: हसू नका. हे शहरच असं आहे.

लॉयड: शहराला बोल लावू नकोस. चाळीस वर्षं मी इथल्या दिव्यांच्या पाट्यांच्या तारा ओढल्या. बाहेरगावचे लोक यायचे, माझ्या शिडीखाली उभे राहून नाक मुरडायचे, आमच्या गावी असलं काही नाही म्हणायचे. मी शिडीवरून विचारायचो, तुमच्या गावी काय करता? तर सांगायचे, पगार वाढेल म्हणून मोठं घर घेतलंय. मुलाला नोकरी लागेल म्हणून कॉलेजचं कर्ज काढलंय. आजारी पडणार नाही म्हणून विमा घेतलेला नाही. अगं, हाच तर खेळ! सगळ्या देशात हाच चालतो. आम्ही फक्त त्याच्यावर दिवे बसवले.

डेलिया: मी नाही खेळत असलं काही.

लॉयड: नवऱ्याची नोकरी टिकली तर पोरीला ऐकू येणार. नाही टिकली तर? गाडी भरून निघालीस की नाही?

डेलिया: बाबा.

लॉयड: चूक करत्येस असं नाही म्हणत. तू निघालीस, ते बरं केलंस. खेळायचंच असेल तर अशासाठी खेळावं.

कोरा: डेलिया, माझ्या कानात वरून, कॅमेऱ्यांच्या खोलीतून, विचारताहेत. बाबागाडी कोणाची म्हणून. मी वळतेय हां.

डेलिया: चालले, मावशी. चालले.

लॉयड: थांब, थांब. तिला जरा बघू दे मला. मी येतो काठापर्यंत.

डेलिया: या ना. मशीनमधल्या कार्डाच्या दोरीचं ते वेटोळं शर्टाच्या गुंडीला अडकलंय तुमच्या, ते काढा आधी.

लॉयड: कशाला, पुरतं की. ताणलं की लांब होतं ते. हे बघ, आलो. पर्ल... अगं, पायाला हात लागला माझा. मोजा काढलाय तिने एक.

डेलिया: काढा ना ते, बाबा. उचलून घ्या तिला. एकदा.

लॉयड: कार्ड निघालं तर डाव मोडतो. मागे ती बाई टपून बसलीय या मशीनवर. अंगठा धरलाय मी तिचा. धरलाय ना? बघ, हसली.

डेलिया: अर्धा हात पुढे आलात तर घेता येईल.

लॉयड: पुढच्या वेळी घेईन. ऑक्टोबरात येतो मी तुमच्याकडे.

डेलिया: ऑक्टोबरात तिथे बर्फ असतो.

लॉयड: मग ब्लँकेट अंगावर घेऊनच येतो. जा आता. कोराची नोकरी घालवशील.

कोरा: मिस्टर लॉयड, बसून घ्या बघू. दम लागलाय तुम्हाला. डेलिया, तुझा फोन वाजतोय मघापासून.

डेलिया: वेन्डेल आहे. दारात आलाय. मावशी, गोळ्यांची डबी ही तुमच्याकडे ठेवा. पांढरी सकाळी, अर्धी पिवळी जेवणानंतर. डबीवर वार लिहिलेत मी.

कोरा: मला घेता येत नाही, पोरी. पाहुण्याचं औषध गार्डने हातात घ्यायचं नाही. काही झालं तर माझ्यावर येईल.

डेलिया: मग डबी त्यांच्या कपाशेजारी ठेवते. तुम्ही नुसती आठवण करून द्या त्यांना.

कोरा: सोमवारपासून मी इथे नसेन. पार्किंगच्या मजल्यावर टाकलंय मला. पाहुण्यांशी फार बोलते म्हणे, त्यांचं खेळातलं लक्ष उडतं. इथे एक नवा मुलगा येतोय. चांगला आहे, पण बाबागाडीची चाकं तेवढी बघेल तो. माणूस बघायला त्याला शिकवलेलं नाही.

डेलिया: म्हणजे कोणीच नाही.

कोरा: कॅमेरे आहेत. चार तर त्यांच्या एकट्याच्या डोक्यावर आहेत.

डेलिया: कॅमेरा पडलेला माणूस बघतो, मावशी. पडायच्या आधी कोण बघणार?

कोरा: मी सुट्टीच्या दिवशी येऊन जाईन. महिन्यातून दोन गुरुवार जमतील. याहून जास्त कबूल केलं तर खोटं बोलल्यासारखं होईल. आता जा. तुला निघायला लावतेय ते कामाचा भाग म्हणून नाही.

डेलिया: बाबा! निघाले मी! बाबा!

कोरा: हात केला बघ त्यांनी.

डेलिया: न वळता केला. काचेत दिसतेय मी त्यांना, म्हणे.

(दारापाशी बाबागाडी वेन्डेलच्या हाती देऊन डेलिया मागे वळते. समोर तुम्ही आहात.)

डेलिया: तुम्ही. हो, तुमच्याशीच बोलतेय. मघापासून सगळं ऐकताय, म्हणून विचारायचं धाडस करते. कधी ना कधी तुम्ही या शहरात याल, सगळेच येतात. मोठ्या रस्त्यावरची कारंजी बघून झाली की जरा आमच्या बाजूला या. बिंगोवरून बुफेकडे जाताना फरशीच्या काठाला एक म्हातारे गृहस्थ दिसतील, लॉयड हॅस्केट. डाव्या कानाने कमी ऐकू येतं त्यांना, तेव्हा उजवीकडे उभे राहा. काहीही विचारा. बाहेर ऊन किती आहे, असं विचारलंत तरी चालेल. मला काय ठाऊक, म्हणतील. डाव मोडला म्हणून चिडले तर फारच छान. मला कळवायची गरज नाही. पण उत्तर आलं नाही, तर मात्र पुढे जाऊ नका. कोणी येईपर्यंत त्यांच्यापाशी राहा. तुमच्याबरोबर लहान मूल नसेल, तुम्हाला थांबता येईल.